अन्नाच्या ॲलर्जीची ‘तीव्रता’ : व्याख्या आणि श्रेणीकरण यांची चिकित्सा

सारांश :

अन्नाच्या ॲलर्जीविषयी बोलताना ‘सौम्य’, ‘मध्यम’ आणि ‘तीव्र’ ही विशेषणे सर्रास वापरली जातात. ही विशेषणे नेमकी कशाला लागू होतात, म्हणजे एकदा घडलेल्या प्रतिक्रियेला, त्या व्यक्तीच्या रोगाला, की पुढे संभवणाऱ्या धोक्याला, याचा खुलासा मात्र क्वचितच केला जातो. प्रस्तुत लेखात १९६६ पासून मांडल्या गेलेल्या प्रमुख श्रेणीपद्धतींचा आणि अलीकडील ‘डिफेस’ या आंतरराष्ट्रीय सहमतीचा चिकित्सक परामर्श घेतला आहे. श्रेणी ही घडून गेलेल्या घटनेचे वर्णन म्हणून उपयुक्त असली, तरी तिचा भविष्यवाणी म्हणून केलेला वापर अशास्त्रीय आणि प्रसंगी जीवघेणा ठरतो, हे या लेखाचे प्रतिपादन आहे. मराठी भाषेतील रूढ शब्दयोजना आणि भारतातील उपचारव्यवस्था यांमुळे या प्रश्नाला येणाऱ्या वेगळ्या परिमाणाचाही येथे विचार केला आहे.

बीजसंज्ञा : अन्नाची ॲलर्जी, वावडे, ॲनाफिलॅक्सिस, तीव्रतेची श्रेणी, प्रतिक्रियाकारक मात्रा, डिफेस.

१. प्रस्तावना :

वसतिगृहाचा प्रवेशअर्ज, शैक्षणिक सहलीचे संमतिपत्र किंवा राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराची नोंदणी यांत ‘कोणत्या पदार्थाची ॲलर्जी आहे काय?’ असा एक रकाना अनेकदा आढळतो. त्या रकान्यात पालकांनी ‘शेंगदाणा – सौम्य’ असे लिहून दिले, की अर्ज स्वीकारणाऱ्याचे समाधान होते. ‘सौम्य’ या शब्दाचा अर्थ तो ‘काळजीचे कारण नाही’ असा घेतो. वस्तुतः त्या शब्दात सांगितलेले असते ते इतकेच, की मागील खेपेस मुलाच्या अंगावर थोड्या गांधी उठल्या आणि त्या काही वेळाने ओसरल्या. पुढील खेपेस काय घडेल, याविषयी त्या शब्दात काहीही नसते.

हा भेद केवळ शाब्दिक नाही. ब्रिटनमधील रिचर्ड पम्फ्री आणि त्यांच्या सहकारी यांनी १९९९ ते २००६ या काळात अन्नाच्या ॲलर्जीमुळे झालेल्या ४८ मृत्यूंचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध केला. मृत्यू पावलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक व्यक्तींच्या आधीच्या प्रतिक्रिया इतक्या सौम्य होत्या, की त्यांनी ॲड्रेनालिनचे इंजेक्शन जवळ बाळगावे असा सल्ला कोणत्याही डॉक्टरने दिला असता असे वाटत नाही, हा त्या अभ्यासाचा एक निष्कर्ष आहे. या व्यक्तींना मृत्यूपूर्वी कोणत्याही प्रचलित कोष्टकात बसवले असते, तरी त्यांची गणना खालच्या श्रेणीतच झाली असती. कोष्टकाने आपले काम चोख केले असते आणि तरीही त्यावरून काढलेले अनुमान चुकले असते. असे का घडते, हा प्रस्तुत लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

२. व्याख्येचा प्रश्न :

श्रेणी लावण्यापूर्वी ज्याला श्रेणी लावावयाची ती वस्तू निश्चित व्हावी लागते. ‘ॲलर्जी’ हा शब्द ऑस्ट्रियन बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ मध्ये योजला. त्याच्या मूळ अर्थात शरीराच्या बदललेल्या प्रतिसादाची केवळ नोंद होती. तो प्रतिसाद हितकर की अहितकर, हे त्यात अभिप्रेत नव्हते. त्यापूर्वी १९०२ मध्ये शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांतून ‘ॲनाफिलॅक्सिस’ ही संज्ञा पुढे आणली होती आणि तिच्यासाठी रिशे यांना १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या प्रयोगांत पहिल्या मात्रेतून सावरलेले कुत्रे काही आठवड्यांनी दिलेल्या अगदी अल्प मात्रेने दगावले. पहिल्या अनुभवावरून दुसऱ्याचा अंदाज बांधता येत नाही, ही गोष्ट अशा रीतीने या शास्त्राच्या जन्मकथेतच नोंदलेली आहे.

अमेरिकेतील तज्ज्ञसमितीने २०१० मध्ये केलेली व्याख्या आज सामान्यतः प्रमाण मानली जाते. तिच्यानुसार, विशिष्ट अन्न सेवन केल्यावर दरवेळी उद्भवणारा आणि रोगप्रतिकारक यंत्रणेच्या विशिष्ट प्रतिसादातून निर्माण होणारा अपाय म्हणजे अन्नाची ॲलर्जी होय. या व्याख्येतील दोन अटी महत्त्वाच्या आहेत. प्रतिकारयंत्रणेचा सहभाग ही पहिली अट. दुधातील साखर न पचल्यामुळे होणारी पोटदुखी या अटीमुळे ॲलर्जीतून वगळली जाते. पुनरावृत्ती ही दुसरी अट असून एखाद्या वेळच्या योगायोगाला ती बाजूला सारते. मात्र ‘दरवेळी उद्भवणारा’ याचा अर्थ ‘दरवेळी सारखाच उद्भवणारा’ असा नाही, हे ध्यानात घ्यावयास हवे. पुढील सर्व गोंधळाचे मूळ बव्हंशी या एका गैरसमजात आहे.

रक्तातील आयजीई प्रतिपिंड किंवा त्वचेवरील टोचणी-चाचणी यांतून कळते ती संवेदनशीलता. रोग कळतोच असे नाही. या भेदाचे ठळक उदाहरण कर्नाटकात मिळते. युरोपीय सहकार्याने तेथील प्रौढांमध्ये झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत चोवीसपैकी किमान एका अन्नपदार्थाविषयी संवेदनशीलता २६.५ टक्के व्यक्तींमध्ये आढळली. संभाव्य ॲलर्जी मात्र केवळ १.२ टक्के व्यक्तींमध्ये. त्याच प्रकल्पातील शाळकरी मुलांच्या पाहणीत, जी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली, भारतातील प्रमाण ०.१४ टक्के इतके अल्प होते. केवळ चाचणी हीच व्याख्या मानली असती, तर प्रौढांपैकी चौथ्या हिश्शाहून अधिक लोकांच्या ताटातून काही ना काही विनाकारण काढून घ्यावे लागले असते. चार्ल्स मे यांनी १९७६ मध्ये दमेकरी मुलांच्या अभ्यासात रुग्ण आणि वैद्य दोघांनाही पदार्थ कोणता हे कळू न देता केलेली सेवन-चाचणी वापरली आणि अशी चाचणी पुढे निदानाची कसोटी ठरली. तिची आवश्यकता या आकड्यांवरून स्पष्ट होते.

३. मराठी शब्दयोजना आणि लक्षणांची नोंद :

परिभाषेत ॲलर्जीला ‘अधिहर्षता’ असा प्रतिशब्द आढळतो; तथापि तो बोलण्यात रुळला नाही. बोलण्यात आहे तो ‘वावडे’ हा शब्द. ‘मला वांग्याचे वावडे आहे’ या वाक्यातून वांगे नावडते आहे, वांग्याने घशाला खाज सुटते, पोट बिघडते, की संधिवात वाढतो असा समज आहे, यांपैकी काहीही सूचित होऊ शकते. ‘शेंगदाणे बाधतात’, ‘दूध मानवत नाही’, ‘अंडे सोसत नाही’ या वाक्प्रयोगांची गतही तीच आहे. आयुर्वेदातील सात्म्य-असात्म्य ही कल्पनाही प्रकृती, देश, काळ आणि सवय यांच्याशी निगडित असून ती ॲलर्जीशी समानार्थी मानणे दोन्ही शास्त्रांवर अन्याय करणारे ठरेल.

यापेक्षा अधिक चिंतेचा वाक्प्रयोग आहे तो ‘अंगावर पित्त उठणे’ हा. ॲलर्जीच्या प्रतिक्रियेतील सर्वांत सामान्य आणि सर्वांत आधी दिसणारे लक्षण म्हणजे अंगावर उठणाऱ्या गांधी. महाराष्ट्रातील घरांत त्यांचे निदान ‘पित्त’ असे होते, आमसुलाचे पाणी चोळले जाते आणि तासाभरात गांधी ओसरल्या की प्रसंग संपतो. त्याआधी अर्ध्या तासात मुलाने काय खाल्ले होते, हा प्रश्न विचारलाच जात नाही. परिणामी ज्या घटनेला किमान पहिली श्रेणी मिळावयास हवी होती, ती घटना म्हणून नोंदलीच जात नाही. श्रेणीपद्धती कितीही सूक्ष्म असली, तरी तिला मिळणारा कच्चा माल हा असा असतो. आधीचा इतिहास ‘निरंक’ आहे, या विधानावर विश्वास ठेवताना ही गोष्ट विसरता येणार नाही.

४. श्रेणींचा वारसा :

आज वापरात असलेल्या श्रेणीपद्धतींचा उगम अन्नात नाही. एच. एल. म्युलर यांची १९६६ ची चार पायऱ्यांची पद्धत कीटकदंशासाठी होती. योहानेस रिंग आणि कॉनराड मेस्मर यांची १९७७ ची पद्धत शिरेतून दिल्या जाणाऱ्या रक्तपर्यायी द्रवांच्या प्रतिक्रियांवरून तयार झाली. तिच्यात पहिल्या पायरीवर त्वचेची लक्षणे आणि शेवटच्या पायरीवर हृदय अथवा श्वसन बंद पडणे असा क्रम आहे. सायमन ब्राउन यांनी ऑस्ट्रेलियातील आपत्कालीन विभागात आलेल्या १,१४९ प्रसंगांच्या आधारे २००४ मध्ये तीन श्रेणी मांडल्या. त्यांत प्राणवायूचे प्रमाण, रक्तदाब आणि शुद्ध हरपणे हे ‘तीव्र’ ठरण्याचे निकष होते. ब्राउन यांची पद्धत अनुभवजन्य आकडेवारीवर उभी असल्याने अधिक विश्वसनीय आहे. परंतु तिच्यातही कारणे संमिश्र होती.

या उसनवारीचा परिणाम गंभीर आहे. पम्फ्री यांच्या २००० मधील अभ्यासात लक्षणे सुरू झाल्यापासून हृदय वा श्वसन थांबेपर्यंतचा मध्यमान कालावधी अन्नाच्या बाबतीत ३० मिनिटे, कीटकदंशात १५ मिनिटे आणि औषधोपचारातील प्रतिक्रियांत ५ मिनिटे आढळला. दंश आणि औषध यांत प्रामुख्याने रक्ताभिसरण कोसळते, तर अन्नाच्या बाबतीत प्रामुख्याने श्वासमार्ग निकामी होतो. रक्तदाबाला सर्वोच्च स्थान देणारे कोष्टक दमेकरी मुलाच्या श्वासनलिकेत चाललेली हालचाल उशिरा टिपते, हा आक्षेप त्यामुळे योग्य ठरतो.

अन्नाचा स्वतंत्र विचार ह्यू सॅम्पसन यांच्या २००३ मधील पाच श्रेणींच्या कोष्टकात दिसतो. त्वचा, पचनसंस्था, श्वसन, रक्ताभिसरण आणि चेतासंस्था असे पाच स्तंभ त्यात असून सर्वाधिक बाधित अवयवसंस्थेवरून श्रेणी ठरते. हे कोष्टक पूर्वीच्या पद्धतींपेक्षा निश्चितच सरस आहे. परंतु त्यानंतरही एकवाक्यता झाली नाही. उलटीचेच उदाहरण घेता येईल. एकदा झालेली उलटी आणि वारंवार होणारी उलटी यांना सॅम्पसन वेगळ्या श्रेणी देतात. ॲनाफिलॅक्सिसच्या २००६ च्या निकषांत पचनसंस्थेची ‘टिकून राहणारी’ लक्षणे ग्राह्य आहेत, तर जागतिक ॲलर्जी संघटनेच्या २०२० च्या निकषांत ती ‘तीव्र’ असावी लागतात. एकच मूल, एकच प्रसंग, आणि कोष्टकानुसार निष्कर्ष वेगळा. डेन्मार्कमधील संशोधकांनी २०१८ मध्ये तुलनेसाठी अशा श्रेणीपद्धती गोळा केल्या, तेव्हा त्यांची संख्या २३ भरली. ज्या विषयात मोजण्याच्या २३ पट्ट्या आहेत, त्या विषयातील दोन अभ्यासांची तुलना कशी करावी, हा प्रश्न त्यातून उभा राहिला आणि त्याच वर्षी युरोपीय ॲलर्जीतज्ज्ञांनी एकसमान पद्धतीची निकड जाहीरपणे मांडली.

५. ‘तीव्रता’ या एका शब्दात दडलेले चार अर्थ :

पट्ट्या अनेक असणे हा या प्रश्नाचा वरवरचा भाग होय. मूळ अडचण अशी, की ‘तीव्रता’ या शब्दाने चार वेगवेगळ्या गोष्टी मोजल्या जातात.

पहिला अर्थ घडलेल्या प्रतिक्रियेचा. एका विशिष्ट दिवशी शरीरात काय घडले, याचे ते वर्णन असते. उपरोक्त सर्व कोष्टके खरे तर इतकेच करतात आणि तेवढ्यापुरती ती समर्थ आहेत.

दुसरा अर्थ प्रतिक्रिया उद्भवण्यास लागणाऱ्या किमान मात्रेचा. अत्यल्प कणानेही ज्याला त्रास होतो त्याचा रोग ‘तीव्र’, असे मानण्याकडे सर्वांचा कल असतो. अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञांनी २०२१ मध्ये शेंगदाण्यासाठी सुचवलेली संदर्भमात्रा २ मिलिग्रॅम प्रथिने इतकी आहे. एका शेंगदाण्यातच त्याच्या कितीतरी पट प्रथिने असतात. पण ही मात्रा व्यक्तीगणिक स्थिर राहत नाही. ब्रिटनमधील एका अभ्यासात, जो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, व्यायाम आणि अपुरी झोप यांमुळे शेंगदाण्याची किमान मात्रा सुमारे ४५ टक्क्यांनी खाली आल्याचे दिसून आले. जे मूल दवाखान्यात, विश्रांत अवस्थेत, एक दाणा पचवते, तेच मूल शिबिरातील श्रमदानानंतर आणि रात्रीच्या जागरणानंतर त्याहून कमी मात्रेत कोसळू शकते. शिवाय अल्प मात्रेत प्रतिक्रिया येणे आणि प्रतिक्रिया जीवघेणी असणे या दोन भिन्न बाबी आहेत.

तिसरा अर्थ कराव्या लागलेल्या उपचाराचा. ॲड्रेनालिन द्यावे लागले म्हणजे प्रसंग तीव्र, असा हा निकष. येथे कारण आणि परिणाम यांची अदलाबदल होते. सॅम्पसन यांनी १९९२ मध्ये १३ मुलांच्या प्रतिक्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी सहा दगावली, सात मरणाच्या दारातून परतली. बारांना दमा होता आणि तो आटोक्यात होता. दगावलेल्या सहांपैकी केवळ दोघांना पहिल्या तासात ॲड्रेनालिन मिळाले होते. वाचलेल्या सातांपैकी सहांना ते अर्ध्या तासात मिळाले होते. विशेष म्हणजे वाचलेल्या मुलांची लक्षणे पाच मिनिटांच्या आत, म्हणजे अधिक झपाट्याने, सुरू झाली होती. अभ्यासातील मुले थोडी असली, तरी त्यातून निघणारा बोध स्पष्ट आहे. अंतिम परिणाम ठरवणाऱ्या गोष्टींत रोगाइतकाच वेळेचा आणि उपचाराच्या उपलब्धतेचा वाटा असतो आणि कोष्टकात त्याला जागा नसते.

चौथा अर्थ भावी धोक्याचा. रुग्ण, पालक, शिक्षक आणि अनेकदा डॉक्टरही ‘तीव्र’ हा शब्द उच्चारतात तेव्हा त्यांच्या मनात हाच अर्थ असतो. परंतु पहिल्या तीनपैकी कोणत्याही अर्थावरून चौथा खात्रीने काढता येत नाही. आयजीईची पातळी किंवा टोचणी-चाचणीतील गांधीचा आकार यांवरून ॲलर्जी असण्याची शक्यता वर्तवता येते. पुढील प्रतिक्रिया किती गंभीर असेल, हे विश्वासार्हपणे सांगता येत नाही. पॉल टर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये उपलब्ध पुराव्याचा जो आढावा घेतला, त्याचाही रोख असाच होता.

येथे एक आक्षेप विचारात घेणे आवश्यक आहे. अन्नाच्या ॲलर्जीमुळे येणारा मृत्यू अत्यंत विरळा आहे. २०१३ च्या एका एकत्रित विश्लेषणानुसार अशा रुग्णांमध्ये त्याचे प्रमाण दर दहा लक्ष व्यक्ती-वर्षांमागे सुमारे १.८१ इतके आहे. ब्रिटनमध्ये १९९८ ते २०१८ या काळात अन्नजन्य ॲनाफिलॅक्सिससाठी रुग्णालयात दाखल होणाऱ्यांचे प्रमाण दर लाख लोकसंख्येमागे १.२३ वरून ४.०४ पर्यंत वाढले. दाखल झालेल्यांतील मृत्युप्रमाण मात्र घटले. तेव्हा प्रत्येक गांधीकडे मृत्यूची चाहूल म्हणून पाहावे काय, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर नकारार्थीच आहे. तथापि घटना विरळ असल्यामुळेच ती व्यक्तिशः वर्तवणे अशक्यप्राय ठरते, हेही त्याच आकड्यांवरून सिद्ध होते. याच ब्रिटिश अभ्यासात शाळकरी मुलांच्या मृत्यूंमागे सर्वाधिक आढळलेला एकच पदार्थ गाईचे दूध हा होता. सर्वसामान्यांच्या समजुतीत दुधाची ॲलर्जी हा लहानपणी होऊन जाणारा किरकोळ विकार असतो. ‘सौम्य पदार्थ’ आणि ‘तीव्र पदार्थ’ अशी विभागणीही, थोडक्यात, विश्वासार्ह नाही.

६. ‘डिफेस’ची सहमती : गुण आणि मर्यादा :

या पार्श्वभूमीवर स्टेफानिया अरासी आणि त्यांच्या आंतरराष्ट्रीय सहकाऱ्यांनी हाती घेतलेल्या ‘डिफेस’ या उपक्रमाचे मूल्यमापन करावयास हवे. अन्नाच्या ॲलर्जीच्या तीव्रतेची व्याख्या ठरवणे हाच या उपक्रमाचा उद्देश होता. २०२१ मध्ये त्याचा पद्धतशीर साहित्य-आढावा प्रसिद्ध झाला आणि पुढे तज्ज्ञांच्या फेरमतांतून सहमती घडवण्यात आली. एका प्रतिक्रियेऐवजी संपूर्ण रोगाची तीव्रता ठरवणे हे या पद्धतीचे वैशिष्ट्य. त्यासाठी पाच अंगे निश्चित करण्यात आली : आजवरच्या सर्वांत गंभीर प्रतिक्रियेतील लक्षणे, तिच्यासाठी लागलेला किमान उपचार, व्यक्तीची किमान प्रतिक्रियाकारक मात्रा, जीवनमानावरील परिणाम आणि आर्थिक भार. त्यांच्या एकत्रित विचारातून रोग सौम्य, मध्यम किंवा तीव्र ठरतो.

या मांडणीचे दोन गुण मोठे आहेत. पहिला असा, की घडलेला प्रसंग आणि जडलेला रोग यांत फरक आहे, हे तिने प्रथमच स्पष्टपणे मान्य केले. दुसरा गुण मानवी स्वरूपाचा आहे. ज्या मुलाला गेल्या पाच वर्षांत एकही प्रतिक्रिया आली नाही, पण ज्याची आई वाढदिवसाच्या प्रत्येक आमंत्रणाला नकार देते आणि ज्याच्या घरी प्रत्येक पाकिटावरील बारीक अक्षरे दोनदा वाचली जातात, त्या मुलाच्या आजाराला पूर्वीच्या कोष्टकांत स्थानच नव्हते. ‘डिफेस’ने ते दिले.

मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. पाच अंगांपैकी उपचार आणि आर्थिक भार ही दोन अंगे रुग्णाच्या शरीराइतकीच त्याच्या परिस्थितीची मोजणी करतात. ॲड्रेनालिनचे स्वयंचलित इंजेक्शन भारतीय बाजारात दीर्घकाळ सहजी उपलब्ध नव्हते. जेथे दिले जाते तेथे ते बहुधा ॲम्प्यूल आणि सिरिंज यांच्या साहाय्याने आणि दवाखान्यातच. तालुक्याच्या ठिकाणापासून दूर असलेल्या खेड्यात एखादे मूल केवळ गोळी आणि नशीब यांच्या जोरावर बचावले, तर ‘किमान उपचार’ या अंगात त्याची नोंद सौम्य होईल. त्याच लक्षणांचे शहरातील मूल अतिदक्षता विभागात दाखल झाले, तर त्याची नोंद तीव्र होईल. आर्थिक अंगाचेही तसेच. ज्या कुटुंबाकडे विशेष आहारावर खर्च करण्याची ऐपतच नाही, त्याचा खर्च कागदावर कमी दिसतो. अभावाची नोंद अशा रीतीने सौम्यतेत होते.

दुसरी मर्यादा व्याख्येतून येते. ही पद्धती आयजीईमार्फत होणाऱ्या ॲलर्जीपुरती आहे. लहान बालकांत अन्न घेतल्यावर एक ते चार तासांनी वारंवार उलट्या होऊन मूल निस्तेज आणि कधी अत्यवस्थ होणे हा आतड्यांचा विकार २०१७ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत वर्णिलेला आहे. पण त्याची यंत्रणा निराळी असल्याने या कोष्टकात तो येत नाही. तिसरी मर्यादा तार्किक आहे. लक्षणे, मिलिग्रॅम, रुपये आणि मनःस्ताप यांना एका विशेषणात गुंफले, की ते विशेषण कशामुळे लागले हे वाचणाऱ्याला कळत नाही. ‘तीव्र’ असे लिहिलेला रुग्ण श्वास कोंडल्यामुळे तीव्र आहे की चिंतेमुळे, हा फरक आपत्कालीन विभागातील डॉक्टरच्या दृष्टीने निर्णायक असतो. ही पद्धती मुख्यत्वे संशोधनासाठी आहे आणि वेगवेगळ्या समाजांत तिची पडताळणी व्हावयास हवी, ही भूमिका तिच्या कर्त्यांचीही आहे. परंतु संशोधनासाठी घडलेली विशेषणे व्यवहारात उतरायला फार काळ लागत नाही.

७. श्रेणीचे सामाजिक परिणाम :

श्रेणी कोणाला काय मिळेल हेही ठरवते. शेंगदाण्याच्या ॲलर्जीवरील तोंडावाटे घ्यावयाच्या उपचाराला अमेरिकेत २०२० मध्ये आणि ओमॅलिझुमॅब या औषधाला अन्नाच्या ॲलर्जीसाठी २०२४ मध्ये मान्यता मिळाली. असे महागडे उपचार कोणाला द्यावेत, असा प्रश्न जेथे येतो, तेथे ‘तीव्र’ हे विशेषण प्रवेशद्वाराचे काम करते.

पाकिटावरील मजकुराची कथाही अशीच आहे. तिळाच्या ॲलर्जीमुळे २०१६ मध्ये एका किशोरवयीन मुलीचा मृत्यू झाल्यानंतर, इंग्लंडमध्ये विक्रीच्या जागीच तयार करून बांधलेल्या खाद्यपदार्थांवर घटकांची नोंद सक्तीची करणारा नियम ऑक्टोबर २०२१ पासून अमलात आला. अमेरिकेने जानेवारी २०२३ पासून तिळाला प्रमुख ॲलर्जीकारक पदार्थांत स्थान दिले. भारतातील २०२० च्या लेबलविषयक नियमांत ग्लुटेनयुक्त धान्ये, कवचधारी जलचर, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे व कठीण कवचाची फळे, सोयाबीन आणि सल्फाइट यांची ॲलर्जीविषयक नोंद बंधनकारक झाली. तीळ, मोहरी आणि हरभरा त्या यादीत आले नाहीत. वस्तुतः हरभरा हा भारतीय उपखंडातील महत्त्वाचा ॲलर्जीकारक पदार्थ असल्याचे मुंबईतील संशोधकांनी २००१ मध्येच सेवन-चाचणीच्या आधारे दाखवून दिले होते. ज्या प्रदेशात बेसन, तिळाची चटणी आणि मोहरीची फोडणी रोजच्या आहारात आहे, तेथील यादी परकीय ताटावरून ठरली, तर घडलेल्या प्रतिक्रियांचे कारण शोधणेही अवघड होते. कीटकदंशाच्या कोष्टकाने अन्नाचे मोजमाप करण्यासारखाच हा प्रकार आहे.

८. निष्कर्ष :

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

अ) श्रेणी घडलेल्या प्रतिक्रियेला लावावी, व्यक्तीला लावू नये. ‘याला सौम्य ॲलर्जी आहे’ या विधानाऐवजी ‘याला अमुक दिवशी सौम्य प्रतिक्रिया आली होती’ हे विधान शास्त्रशुद्ध आहे.

आ) विशेषणापेक्षा वर्णन अधिक उपयोगी आहे. कोणता पदार्थ, अंदाजे किती, किती वेळाने, कोणती लक्षणे कोणत्या क्रमाने, कोणता उपचार आणि तो किती वेळात मिळाला, दमा आहे काय, त्यावेळी श्रम, आजार वा जागरण होते काय, इतक्या नोंदी कोणत्याही एका श्रेणीपेक्षा अधिक सांगतात. ‘पित्त उठले’ या उत्तरानंतर ‘त्याआधी काय खाल्ले होते?’ हा प्रश्न विचारला जाणे ही त्यातील पहिली पायरी होय.

इ) ‘डिफेस’ची पाच अंगे उपयुक्त आहेत, मात्र ती स्वतंत्रपणे नोंदवली जावीत. भारतासारख्या देशात उपचार आणि खर्च ही अंगे वापरताना उपलब्धतेची नोंद सोबत असल्याशिवाय त्यांचा अर्थ लावू नये.

ई) निदानाच्या बाबतीत काटेकोरपणा आणि निदान निश्चित झाल्यानंतर तयारीच्या बाबतीत समानता, ही दोन तत्त्वे एकत्र पाळली जावीत. केवळ चाचणीच्या आधारे मुलांचे दूध, अंडी किंवा डाळी बंद करणे कुपोषणाच्या प्रश्नाने ग्रासलेल्या समाजाला परवडणारे नाही. दुसरीकडे, ॲलर्जी सिद्ध झाल्यावर मागील प्रतिक्रिया किरकोळ होती म्हणून सावधगिरी शिथिल करण्यास कोणताही आधार नाही. श्वास वा रक्ताभिसरण यांवर परिणाम दिसताच मांडीच्या बाहेरील स्नायूत दिलेले ॲड्रेनालिन हाच प्रथमोपचार असून त्यासाठी श्रेणी ठरण्याची वाट पाहावयाची नसते.

महाविद्यालयांपुरते पाहिल्यास, वसतिगृहाच्या आणि शिबिराच्या अर्जातील तो एक रकाना बदलणे फारसे खर्चाचे नाही. ‘तीव्रता : सौम्य / मध्यम / तीव्र’ या पर्यायांच्या जागी ‘मागील वेळी काय झाले ते लिहावे’ अशी चार ओळींची मोकळी जागा ठेवता येईल, आणि त्याखाली जवळच्या दवाखान्यात ॲड्रेनालिन उपलब्ध आहे किंवा नाही याची नोंद संस्थेने स्वतः करावी. पहिली माहिती विद्यार्थ्याविषयी आहे, दुसरी संस्थेविषयी. पुढील प्रसंगाचा परिणाम या दोहोंवर अवलंबून राहील.